कॅथलॅबमध्ये नव्याने आलात? सोनोग्राफीवर बघून धमनीत सुई घालायला असं शिका

नागपुरात कार्डिऑलॉजी शिकायला नुकतेच लागलेले डॉक्टर आणि त्यांच्या बाजूला ट्रॉली लावणारे टेक्निशियन व सिस्टर यांच्यासाठी हे लिहितोय. कॅथलॅब म्हणजे अँजिओग्राफी-अँजिओप्लास्टी होते ती खोली. अँजिओग्राफी म्हटलं की सगळ्यांचं लक्ष हृदयाच्या रक्तवाहिन्यांकडे असतं. नव्या माणसाला तर कधी एकदा कॅथेटर (लांब बारीक नळी) कोरोनरीच्या, म्हणजे हृदयाच्या धमनीच्या, तोंडाशी बसतं असं झालेलं असतं. त्याआधी मनगटात किंवा जांघेत जी सुई जाते, तिच्याबद्दल मला पहिल्या दिवशी एकच वाक्य सांगितलं गेलं होतं: पल्स बोटाखाली घे आणि टोच. पुढची तीन वर्षं मी तेच केलं. त्यात रुग्णांना जो त्रास झाला त्यातला बराचसा टाळता आला असता, हे मला आज पक्कं माहीत आहे.

सुई, तिच्यातून वायर, वायरवरून नळी ही पद्धत स्वीडनच्या स्वेन-इवार सेल्डिंगर यांनी १९५३ साली मांडली. आपण आजही तेच करतो. मात्र धमनी कुठे आहे हे तेव्हा बोटानेच कळत होतं, आणि आज बहुतेक कॅथलॅबच्या आसपास एखादं सोनोग्राफी मशीन उभं असतं. बोटाला धडधड कळते. धमनी कुठे दुभंगते, तिच्या वरच्या भिंतीवर कॅल्शियम आहे का, शीर तिच्या खाली सरकली आहे का, हे बोटाला कळत नाही.

आकडे सांगतो, कारण कोणीतरी वरिष्ठ तुम्हाला विचारणारच की याची गरज काय. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या फॉस्ट या अभ्यासात १,००४ रुग्ण होते. जांघेतून जाताना सोनोग्राफी वापरली तेव्हा पहिल्याच प्रयत्नात ८३ टक्के वेळा यश आलं, न वापरता ४६ टक्के. चुकून शिरेत सुई जाण्याचं प्रमाण १५.८ टक्क्यांवरून २.४ टक्क्यांवर आलं, आणि रक्तवाहिनीच्या गुंतागुंती ३.४ वरून १.४ टक्क्यांवर. पण २०२२ सालचा कॅनडातला युनिव्हर्सल अभ्यासही ठाऊक असू द्या. त्यात पहिल्या प्रयत्नातलं यश आणि शिरेत न जाणं हे दोन्ही फायदे दिसले, पण मोठा रक्तस्राव आणि गुंतागुंत यांची बेरीज १६.१ वरून १२.९ टक्क्यांवर आली, आणि हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीला उतरला नाही. म्हणजे नुसता प्रोब (मशीनचा कातडीवर टेकवायचा भाग) ठेवला की रुग्ण सुरक्षित, असं नाही. तो कसा धरला आणि काय पाहिलं यावर सगळं आहे. म्हणूनच पुढच्या पायऱ्या मी सविस्तर लिहिल्या आहेत. पहिल्या काही डझन केस वरिष्ठ शेजारी उभे असतानाच करा.

१. मशीनला हात लावण्याआधी कागद बघा

ही पायरी कोणी सांगत नाही आणि अडचण इथेच येते. आपल्याकडे सोनोग्राफी मशीन कोणत्याही कामासाठी असो, ते गर्भलिंगनिदान रोखणाऱ्या पीसीपीएनडीटी कायद्याखाली नोंदवलेलं असावं लागतं. 'आम्ही तर फक्त जांघ बघतो' हे कारण चालत नाही. शहराच्या हद्दीत ही नोंदणी महानगरपालिकेच्या आरोग्य विभागातल्या समुचित प्राधिकाऱ्याकडे असते.

तुमच्या लॅबमध्ये एवढं आहे का ते विचारा:

- नमुना 'ब' मधलं नोंदणी प्रमाणपत्र, मशीनच्या खोलीत दिसेल असं लावलेलं. ते पाच वर्षांसाठी असतं, मुदत वाचा.
- प्रमाणपत्रावर याच मशीनचा मेक, मॉडेल आणि क्रमांक.
- मशीन वापरणाऱ्या डॉक्टरांच्या यादीत तुमचं नाव. नव्या माणसाचं नाव चढवायचं राहून जातं.
- गर्भलिंगनिदान केलं जात नाही, असा मराठी फलक.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे आयसीयूतलं किंवा रेडिओलॉजीतलं मशीन ढकलत कॅथलॅबमध्ये आणणं. ते कुठल्या जागेसाठी नोंदवलंय ते आधी बघा. दुसऱ्या इमारतीतून किंवा दुसऱ्या हॉस्पिटलमधून 'एका केसपुरतं' मशीन मागवणं तर अजिबात नको. मशीन सील झालं की महिनोन्‌महिने कोणालाच मिळत नाही, आणि मग सगळे पुन्हा बोटावर येतात.

२. ट्रॉलीवर काय काय हवं

प्रोब लिनियर आणि जास्त फ्रिक्वेन्सीचा. हृदयाचा इको करायचा प्रोब इथे चालत नाही, कारण कातडीखालच्या पहिल्या दोन-तीन सेंटीमीटरमधलं त्याला नीट दिसत नाही. याशिवाय निर्जंतुक प्रोब कव्हर, निर्जंतुक जेल, मायक्रोपंक्चर किट (२१ गेजची सुई आणि ०.०१८ इंची वायर), नेहमीची १८ गेजची सुई, ०.०३५ इंची वायर, शीथ (धमनीत बसवून ठेवायची आखूड नळी), लिग्नोकेन (जागा बधिर करायचं औषध).

कव्हर संपलं असेल तर निर्जंतुक हातमोजा चालतो. आत साधं जेल, बाहेर निर्जंतुक जेल किंवा सलाइन. आत हवेचा बुडबुडा राहिला तर पडद्यावर काळा पट्टा येतो आणि नवा माणूस मशीनला दोष देत बसतो. कव्हर चढवल्यावर बोटाने पुसून हवा बाहेर काढा, मग रबर लावा. प्रोबच्या तोंडावर स्पिरिट फवारू नका, कंपनीने सांगितलेल्या द्रावणानेच पुसा.

मशीन कुठे उभं करता हेही महत्त्वाचं. तुम्ही रुग्णाच्या उजवीकडे उभे असाल तर पडदा रुग्णाच्या पलीकडे, तुमच्या नजरेसमोर हवा. मान वळवून बघत टोचलं की हात नकळत त्याच बाजूला सरकतो. सी-आर्म (एक्स-रे मशीनचा कमानीसारखा हात) आत घेण्याआधी मशीनची जागा ठरवून घ्या, नंतर तिथे उंदीर शिरेल एवढीही फट राहत नाही.

३. आधी चायना ग्रासवर हात बसवा

रुग्णावर शिकू नका. विकतचे मॉडेल महाग असतात, त्यामुळे मी घरीच केलं. इतवारीतल्या किराणा दुकानातून चायना ग्रास आणलं. हे म्हणजे अगर. एक लिटर पाण्याला साधारण ३० ग्रॅम उकळून विरघळवायचं, त्यात दोन चमचे इसबगोल. इसबगोलामुळे पडद्यावर खऱ्या मांसासारखा करडा रंग येतो, नाहीतर सगळं काळंच दिसतं. डब्यात अर्धं ओतायचं, थोडं गोठलं की त्यावर लाल पाणी भरलेला लांब फुगा ठेवायचा, ही झाली जांघेची धमनी. सायकलच्या वॉल्व्हची बारीक रबरी नळी पाण्याने भरून दोन्ही टोकं बांधली की मनगटाची. मग उरलेलं ओतायचं.

पुस्तकात जिलेटिन लिहिलेलं असतं आणि ते पारदर्शक, छान होतंही. पण आपल्या एप्रिल-मेमध्ये पंख्याखाली ठेवलेलं जिलेटिन तासाभरात पातळ होतं. चायना ग्रास टिकतं. फक्त त्यात प्रत्येक सुईची रेघ राहते. तीसेक वेळा टोचलं की नवा डबा करा, नाहीतर जुन्या रेघेलाच तुम्ही सुई समजाल.

या डब्यावर एकच गोष्ट शिकायची: सुईचं टोक शोधणं. फुगा फोडणं सोपं असतं. फुग्यात शिरण्याआधी टोक कुठे आहे हे दर वेळी सांगता आलं पाहिजे.

४. फाइल आणि रुग्ण

हिमोग्लोबिन, प्लेटलेट, आयएनआर, क्रिएटिनिन, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या कधी घेतल्या, ईसीजी, इको, संमतिपत्र. महात्मा फुले योजनेतून उपचार असेल तर मंजुरी आली का ते आरोग्यमित्राकडून कळतं. हे सगळं तुम्हाला सिस्टर सांगतीलच. मी फक्त धमनीच्या दृष्टीने विचारायचं ते लिहितो.

किडनीचा आजार आहे का? पुढेमागे डायलिसिसची फिस्टुला (हातातली धमनी आणि शीर यांचा मुद्दाम केलेला जोड) लागणार असेल तर त्या हाताच्या मनगटाला नेफ्रॉलॉजिस्टना विचारल्याशिवाय सुई लावू नका. बायपास ठरतोय का? सर्जन हातातली धमनी घेणार असतील तर ती खराब करायची नाही. तंबाखू, खर्रा, विडी? आपल्याकडे हा प्रश्न बायकांनाही विचारायचा. चालताना पोटऱ्या भरून येतात म्हणणाऱ्या माणसाच्या जांघेत कॅल्शियम सापडणारच असं धरून चला. सिकलसेल आहे का? विदर्भात तो भरपूर आहे, आणि त्यात मांडीच्या हाडाचं डोकं झिजून चपटं झालेलं असू शकतं. तेव्हा एक्स-रेवर हाडाचं डोकं बघून जागा ठरवण्याचा हिशोब बिघडतो.

उन्हाळ्यात गडचिरोली, गोंदिया, छिंदवाड्याहून पाच-सहा तास प्रवास करून आलेला उपाशी रुग्ण कोरडा पडलेला असतो. त्याच्या मनगटाची धमनी दोरीसारखी बारीक दिसते. डॉक्टरांच्या सल्ल्याने सलाइन सुरू झालं आणि तासाभराने पाहिलं की तीच धमनी वेगळी दिसते. हृदय कमजोर असेल तर मात्र सलाइन जपून.

आणि रुग्णाशी बोला. 'काकाजी, आधी गार जेल लागेल, मग मी पडद्यावर नस बघूनच सुई लावणार आहे.' एवढं सांगितलं की पाय सैल सोडतात. बालाघाट-सिवनीकडच्या माणसाला हेच हिंदीतून सांगा, त्याला कळलं असेल असं गृहीत धरू नका.

५. शीर कोणती, धमनी कोणती

पडद्यावर दोन काळी गोल वर्तुळं दिसतात. प्रोबने हलकं दाबा. शीर चपटी होते, धमनी गोलच राहते आणि धडधडते. जांघेत शीर आतल्या बाजूला, धमनी तिच्या बाहेर, त्याच्या बाहेर नर्व्ह. पण खाली मांडीकडे सरकलात की शीर धमनीच्या मागे जाते, म्हणून खाली टोचलं तर दोन्हींना भोक पडून एव्ही फिस्टुला होते, म्हणजे दोन्ही एकमेकींना जोडल्या जातात.

डावं-उजवं आधी तपासून घ्या. प्रोबच्या एका कडेला बोट टेकवा, पडद्यावर कुठल्या बाजूला हालचाल दिसते ते बघा. मी एकदा हे विसरलो आणि सुई डावीकडे न्यायची तिथे उजवीकडे नेत राहिलो.

डेप्थ जांघेला चार ते सहा सेंटीमीटर, मनगटाला दोन. नवी माणसं डेप्थ फार ठेवतात आणि धमनी ज्वारीच्या दाण्याएवढी दिसते. ती पडद्याच्या मध्यावर, मोठी हवी. कलर डॉपलर (वाहतं रक्त रंगात दाखवणारी सोय) शंका असेल तेव्हाच लावा. सुई आत असताना रंग बंद करा, टोक दिसत नाही.

६. जांघेत नेमकं कुठे

ही पायरी दोनदा वाचा.

माझ्या शिकण्याच्या काळातली गोष्ट. उमरेडकडच्या एक मावशी होत्या, पासष्टीच्या पुढच्या, वजन जेमतेम चाळीस किलो. मनगटाची धमनी आखडली म्हणून मी जांघेकडे वळलो. पल्स चांगली लागत होती. कातडीच्या घडीवरून अंदाज धरला, टोचलं, पहिल्याच वेळी लाल रक्त उसळलं. अँजिओप्लास्टी चांगली झाली. दोन तासांनी मावशी म्हणाल्या, 'कंबरेत दुखून राह्यलं हो साहेब.' टेबल कडक असतं, तुम्ही खूप वेळ सरळ झोपलात म्हणून दुखतंय, असं सांगून मी पुढच्या केसला गेलो. जांघेत सूज नव्हती, पट्टी कोरडी होती. अर्ध्या तासाने सिस्टरने मला बाहेर बोलावलं. बीपी ८० वर आला होता. सीटी स्कॅनमध्ये पोटाच्या मागच्या पोकळीत रक्त साठलेलं दिसलं. नंतर फिल्म काढून पाहिली, तर माझं पंक्चर धमनी पोटात वळते तिथे, इन्फिरिअर एपिगॅस्ट्रिक धमनीच्याही वर होतं. चार बाटल्या रक्त लागलं. मावशी वाचल्या. त्यांचा मुलगा रात्रभर रक्तपेढीच्या बाकावर बसून होता, आणि त्याने मला एकदाही दोष दिला नाही. सकाळी त्याच्या शेजारी बसलो तेव्हा मला काय बोलावं ते सुचलं नव्हतं.

वर टोचलं की खाली हाड नसतं, दाबायला आधार नसतो, आणि रक्त बाहेर न दिसता आत जातं. फार खाली टोचलं, दुभंगल्यानंतरच्या फांदीत, की हिमॅटोमा (मांसात साठलेलं रक्त) आणि धमनीच्या भोकातून रक्त भरून झालेली धडधडणारी गाठ, म्हणजे स्युडोअ‍ॅन्युरिझम. या दोन्हींच्या मधला काही सेंटीमीटरचा पट्टा म्हणजे कॉमन फीमोरल धमनी, आणि आपली सुई तिच्यातच जायला हवी.

कातडीच्या घडीवर विश्वास ठेवू नका. वजन जास्त असलेल्या माणसात ती घडी खऱ्या जागेच्या बरीच खाली उतरलेली असते.

आता क्रम असा. प्रोब आडवा ठेवा, धमनीचा गोल आडवा छेद दिसेल असा. आधी खाली सरका. एका गोलाचे दोन गोल होतात, ते दुभाजन. तिथे कातडीवर मनात खूण करा. आता सावकाश वर या, पुन्हा एकच गोल होईल. त्याच्या खाली एक पांढरी, चकचकीत, कमानीसारखी रेघ दिसेल आणि तिच्यामागे काळी सावली. ते मांडीच्या हाडाचं डोकं. अजून वर गेलात की धमनी पडद्यावर खोल जायला लागते, म्हणजे ती पोटाकडे वळते आहे. तिथून परत खाली. दुभाजनाच्या वर, हाडाच्या कमानीवर, आणि धमनी खोल वळण्याच्या आधी, अशा जागी थांबा. वरच्या भिंतीवर पांढरा चमकणारा पापुद्रा आणि त्याच्याखाली सावली असेल तर ते कॅल्शियम. दोन-तीन मिलिमीटर वर-खाली करून मऊ भिंत शोधा.

काही माणसांत दुभाजनच बरंच वर, हाडाच्या डोक्याच्या पातळीवर असतं. बोटाला हे कधीच कळत नाही. फॉस्टमध्ये योग्य धमनीत शीथ बसण्याचं एकूण प्रमाण दोन्ही गटांत जवळपास सारखं होतं, पण ज्यांचं दुभाजन वर होतं त्यांच्यात सोनोग्राफीने स्पष्ट फरक पडला. असं वर दुभाजन दिसलं तर दुसरी जांघ बघा, किंवा मनगटाकडे परत जा.

सोनोग्राफीसोबत फ्लोरोही (पडद्यावर चालू दिसणारा एक्स-रे) वापरा. जांघेवर आर्टरी फोर्सेप्स ठेवून एक क्षण बघितलं की हाडाचं डोकं कुठे आहे याची खात्री होते.

७. सुईचं टोक

पडद्यावर दिसणारा पांढरा ठिपका म्हणजे टोकच असतो असं नाही, आणि ही चूक जवळजवळ सगळे करतात. प्रोब आडवा असताना सुई त्याच्या पट्ट्याला जिथे छेदते तिथे ठिपका दिसतो. टोक कदाचित दोन सेंटीमीटर पुढे निघून गेलेलं असतं. तुम्हाला वाटतं आपण धमनीच्या वर आहोत, आणि टोक तिच्या पलीकडच्या भिंतीतून बाहेर किंवा वर पोटाकडे गेलेलं असतं. सोनोग्राफी वापरूनही वर टोचलं जातं ते असंच.

हिशोब सोपा आहे. धमनी जेवढी खोल, तेवढंच अंतर प्रोबपासून मागे जाऊन ४५ अंशांत सुई घाला. धमनी दोन सेंटीमीटर खोल असेल तर दोन सेंटीमीटर मागे. आधी लिग्नोकेन देतानाही सोनोग्राफीवरच द्या. औषध धमनीच्या वर पसरताना दिसतं आणि सुईची वाटही तपासून होते. सिरिंजमध्ये हवा राहू देऊ नका, हवा गेली की खालचं सगळं पांढरं होतं.

आता सुई कातडीखाली अर्धा सेंटीमीटर घाला आणि थांबा. प्रोब सुईकडे थोडा कलता करा, ठिपका दिसेल. प्रोब किंचित पुढे. ठिपका नाहीसा झाला? मग टोक त्याच्या अलीकडेच आहे. सुई किंचित पुढे, ठिपका परत येईल. पुन्हा प्रोब, पुन्हा सुई. दोन्ही हात आळीपाळीने. ठिपका दिसत नसेल तर सुई पुढे न्यायची नाही, जागच्या जागी हलकी हलवून बघायची, मांस कुठे हलतं त्यावरून कळतं. तरी नाही दिसली तर मागे घ्या आणि नव्याने सुरू करा. घाईच्या केसमध्ये, हार्ट अटॅकचा रुग्ण टेबलावर घामाघूम असताना, मन सांगतं की जाऊ दे, असेलच तिथे. त्या वेळीही थांबा. यात जाणारा वेळ सेकंदांत मोजावा लागतो.

टोक धमनीच्या वरच्या भिंतीला टेकलं की भिंत आत दबते, तंबू उलटा केल्यासारखी. दाब बरोबर मध्यावर, घड्याळात बाराच्या जागी हवा. बाजूला असेल तर सुई मागे घेऊन दिशा बदला, आतल्या आत वाकवू नका. मध्यावर असेल तर छोटा, ठाम धक्का. भिंत उसळून परत जागेवर येते आणि ठिपका काळ्या गोलाच्या आत दिसतो. रक्त येतं. २१ गेजच्या सुईतून ते जोरात उडत नाही, नुसतं वाहतं. त्याला शिरेचं रक्त समजून सुई काढून घेणारे मी बरेच पाहिले आहेत.

पुढचे तीन सेकंद धोक्याचे. प्रोब खाली ठेवायच्या नादात सुईचा हात हलतो. सुई धरलेल्या हाताची करंगळी आधीपासून रुग्णाच्या मांडीवर टेकवून ठेवा, आणि वायर सिस्टरने किंवा टेक्निशियनने तुमच्या हातात द्यायची, तुम्ही शोधायची नाही. सिस्टर, हे तुमच्यावर आहे: डॉक्टरांनी सुई हातात घेतली की वायर तुमच्या हातात तयार हवी.

प्रोब उभा धरून अख्खी सुई लांबीने बघायचीही पद्धत आहे. ती सुंदर दिसते, पण प्रोब एक मिलिमीटर सरकला की तुम्ही धमनीची कडच बघत असता. पहिले काही महिने आडव्या पद्धतीवरच राहा.

८. वायर आणि शीथ

वायर अडली तर ढकलू नका. फ्लोरोवर बघा, बारीक वायर सहज बाजूच्या फांदीत शिरते आणि आत इजा करते. वायर गेल्यावर प्रोब परत ठेवून ती धमनीतच आहे ना हे बघा, मगच शीथ. मायक्रोपंक्चर वापरण्यातला फायदा असा की जागा चुकली असं वाटलं तर बारीक सुई काढून पाच मिनिटं दाबता येतं आणि नव्याने सुरू करता येतं. सहा फ्रेंचचं (फ्रेंच हे नळीच्या जाडीचं माप) शीथ टाकून झाल्यावर ही सोय उरत नाही.

शीथ बसलं की थोडं कॉन्ट्रास्ट देऊन त्याच बाजूच्या तिरप्या कोनात, २० ते ३० अंशांत, एक फोटो घ्या. हेपॅरिन (रक्त गोठू न देणारं औषध) देण्याआधी घ्या. मावशींच्या वेळी मी हा फोटो शेवटी घेतला होता.

९. मनगट

आज बहुतेक केस मनगटातूनच होतात आणि जमेल तिथे तेच करावं. मनगटातून कोरोनरी अँजिओग्राफी माँट्रियलच्या लुसिएन कँपो यांनी १९८९ साली मांडली, आणि तिथला रक्तस्राव जांघेपेक्षा कितीतरी कमी. सोनोग्राफीचा फायदा इथेही आहे. २०१५ सालच्या राउस्ट अभ्यासात ६९८ रुग्ण होते, सरासरी प्रयत्न ३.०५ वरून १.६५ वर आले. मनगटात प्रत्येक चुकलेल्या सुईने धमनी आखडू शकते, त्यामुळे हा आकडा मला फार मोलाचा वाटतो.

प्रोब जवळजवळ अधांतरी धरा. जरा दाबला तरी ही धमनी चपटी होते, आणि शेजारच्या दोन बारीक शिरा तर दिसतच नाहीत. व्यास मोजा. सहा फ्रेंचच्या साध्या शीथचा बाहेरचा व्यास सुमारे अडीच मिलिमीटर असतो. धमनी दोनचीच असेल तर पाच फ्रेंच किंवा पातळ भिंतीचं शीथ मागवा, किंवा दुसरा हात बघा. प्रोब कोपरापर्यंत वर फिरवून आणा. धमनी वेटोळं घेते का, फार वरून फुटते का, हे आधीच कळलं तर कॅथेटर अडकल्यावरचा अर्धा तास वाचतो. बाकी टोचण्याची पद्धत तीच, फक्त कोन ३० अंशांचा.

सोनोग्राफी 'अवघड केससाठी' राखून ठेवू नका. सोप्या पन्नास केसमध्ये हात बसला नसेल तर पल्स न लागणाऱ्या, शॉकमधल्या माणसाच्या जांघेवर तो अचानक बसणार नाही. पहिल्या दिवसापासून प्रत्येक केसला प्रोब ठेवा.

१०. शीथ काढताना आणि वॉर्डात

जांघेत दाबताना कातडीच्या भोकावर दाबू नका. सुई तिरपी वर गेली होती, म्हणजे धमनीतलं भोक कातडीच्या भोकापेक्षा एक-दोन सेंटीमीटर वर असतं. बोटं तिथे हवीत. वीस मिनिटं घड्याळ लावून, मधे उचलून न बघता. क्लोजर डिव्हाइस (धमनीचं भोक बंद करायचं साधन) लावणार असाल तर वर घेतलेला फोटो पुन्हा बघा, फांदीत किंवा कॅल्शियमवर तो लावायचा नसतो.

संध्याकाळच्या राउंडला पट्टी बघून पुढे जाऊ नका. जांघ दाबून बघा, पायाची पल्स बघा, आणि कंबर, कूस किंवा ओटीपोटात दुखतंय का ते त्या माणसाच्या शब्दांत विचारा. दुखतंय म्हणाले आणि नाडी वाढलेली किंवा बीपी उतरलेला असेल तर टेबल कडक होतं हे कारण देऊ नका. वरिष्ठांना फोन, रक्ताची सोय, सीटी. जांघेत धडधडणारी गाठ लागली तर त्याच रात्री डॉपलर. स्युडोअ‍ॅन्युरिझम असेल तर गाठीत रक्त फिरताना अर्धं लाल, अर्धं निळं दिसतं, आणि वेळेत सापडलं तर सोनोग्राफीवरच थ्रॉम्बिन (रक्त गोठवणारं औषध) देऊन बहुतेक वेळा बंद करता येतं.

सुट्टीच्या वेळी घरच्यांना दोन गोष्टी सांगा. आठवडाभर जड उचलायचं नाही, उकिडवं बसायचं नाही, आणि खेड्यात भारतीय पद्धतीचं संडास असेल तर त्याचाही विचार आधीच करून ठेवायचा. दुसरी गोष्ट प्रवासाची. अहेरी-सिरोंच्याकडे जाणाऱ्या माणसाला वाटेत जांघ सुजायला लागली तर नागपूरकडे गाडी वळवण्याआधी त्याला आडवं करायचं, सोबतच्याने भोकाच्या थोडं वर तळहाताने घट्ट दाबून धरायचं आणि सगळ्यात जवळच्या दवाखान्यात न्यायचं. कुठे दाबायचं ते त्या सोबतच्या माणसाचा हात धरून, वॉर्डातून निघण्याआधी दाखवा.